प्रयोगशाळा आणि कारखाना यांमधील अंतर : ब्रिटनच्या राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाचा इतिहास

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लागलेला शोध आणि बाजारात विक्रीस आलेली वस्तू यांच्यामध्ये एक दीर्घ व खर्चिक टप्पा असतो. अध्यापकाला मिळणारे अनुदान ज्ञानप्राप्तीसाठी असते. यंत्रसामग्रीची उभारणी किंवा मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या चाचण्या त्यातून होऊ शकत नाहीत. उलटपक्षी कारखानदारास निष्पत्तीची खात्री नसल्यामुळे तो आपले भांडवल गुंतविण्यास कचरतो. या मधल्या टप्प्याचा भार शासनाने उचलावा काय, आणि उचलल्यास त्यातून उत्पन्न होणाऱ्या लाभावर कोणाचा हक्क असावा, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये तीव्रतेने पुढे आला. १९४८ चा शोध-विकास कायदा व त्यान्वये १९४९ मध्ये अस्तित्वात आलेले राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ हे त्या प्रश्नाला तेथील शासनाने दिलेले उत्तर होय.

या उत्तरामागे पेनिसिलीनचा इतिहास उभा होता. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये नोंदविलेल्या बुरशीच्या गुणधर्माचा पद्धतशीर अभ्यास ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी व अर्न्स्ट चेन यांनी हाती घेतला आणि १९४० मध्ये त्या द्रव्याची रोगनिवारक शक्ती उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध केली. या शोधाचे पेटंट घ्यावे असा आग्रह चेन यांनी धरला होता. जर्मनीतून आलेल्या या शास्त्रज्ञाला रसायन-उद्योग व विद्यापीठ यांचे सहकार्य अपरिचित नव्हते. तथापि वैद्यकीय संशोधन परिषदेचे सचिव सर एडवर्ड मेलनबी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर हेन्री डेल यांनी ही कल्पना अनुचित ठरविली. रोग्यास जीवदान देणाऱ्या ज्ञानावर मालकी सांगणे वैद्यकाच्या परंपरेस शोभत नाही, अशी त्यांची धारणा होती.

युद्धकाळात ब्रिटिश कारखान्यांना मोठे उत्पादन हाती घेणे शक्य नव्हते. म्हणून फ्लोरी आणि नॉर्मन हीटली १९४१ च्या जुलैमध्ये अमेरिकेस गेले. इलिनॉय राज्यातील पिओरिया येथील कृषिखात्याच्या प्रयोगशाळेत, मक्यापासून स्टार्च काढताना उरणाऱ्या द्रवाचा उपयोग केल्यास पेनिसिलीनचे उत्पादन कित्येक पटींनी वाढते, असे आढळून आले. पुढे अमेरिकन कंपन्यांनी खोल टाक्यांतील किण्वनाची पद्धत विकसित केली आणि या प्रक्रियांसंबंधीची काही पेटंटे अमेरिकेत निघाली. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये त्यामुळे अशी भावना पसरली की, आपण लावलेल्या शोधासाठी आपणांसच परक्यांना रॉयल्टी द्यावी लागते. वस्तुतः मूळ द्रव्याचे पेटंट कोणीही घेतलेले नव्हते. पेटंटे होती ती उत्पादनाच्या पद्धतींची, आणि त्या पद्धतींमागे अमेरिकन परिश्रम व भांडवल होते. गाऱ्हाण्यात अतिशयोक्तीचा अंश होता. परंतु राजकीय धोरणे पुष्कळदा घटनेपेक्षा घटनेच्या स्मृतीवर उभी राहतात, आणि १९४८ चा कायदा हे त्याचे एक उदाहरण मानता येईल.

त्या वेळी व्यापार मंडळाचे अध्यक्ष असलेले हॅरल्ड विल्सन यांनी हे विधेयक मांडले. कायद्याने महामंडळास पाच वर्षांत ५० लक्ष पौंडांपर्यंत कर्ज उचलण्याची मुभा दिली. सरकारी पैशाने झालेल्या संशोधनाची पेटंटे घेणे, उद्योगांना परवाने देणे आणि जेथे खाजगी भांडवल पुढे येत नाही तेथे विकासाचा खर्च सोसणे, ही त्याची कामे होती. मात्र दीर्घ मुदतीत जमाखर्चाचा मेळ बसविण्याची अट त्यावर होती. म्हणजे, जो धोका व्यापाऱ्याने नाकारला तो पत्करावयाचा आणि तरीही व्यापाऱ्याप्रमाणे हिशेब राखावयाचा, असे दुहेरी बंधन आरंभापासूनच त्याच्या पायात होते. पहिले व्यवस्थापकीय संचालक लॉर्ड हॉल्सबरी यांची १९४९ ते १९५९ ही कारकीर्द हे बंधन सांभाळण्यात गेली.

महामंडळाच्या कार्याची दोन उदाहरणे परस्परविरुद्ध अर्थांनी बोधप्रद आहेत. पहिले गणकयंत्रांचे. मँचेस्टर विद्यापीठात एफ. सी. विल्यम्स व टॉम किलबर्न यांनी सिद्ध केलेले प्रायोगिक यंत्र २१ जून १९४८ रोजी प्रथम चालले. विल्यम्स यांच्या स्मरणनलिकेची पेटंटे महामंडळाकडे आली व तिच्या वापराचा परवाना अमेरिकेतील आयबीएम कंपनीने घेतला. मात्र ब्रिटिश कंपन्यांना या क्षेत्रात एकत्र आणण्याचा हॉल्सबरी यांचा प्रयत्न निष्फळ झाला. प्रत्येक कंपनीस आपला मार्ग स्वतंत्र हवा होता. पुढे मँचेस्टर विद्यापीठ व फेरँटी कंपनी यांच्या संयुक्त ‘अ‍ॅटलस’ यंत्रास महामंडळाने ३ लक्ष पौंडांचे कर्ज दिले. विक्रीतून त्याची परतफेड व्हावयाची होती. १९६२ च्या डिसेंबरमध्ये कार्यान्वित झालेले हे यंत्र त्या काळातील अत्यंत शक्तिमान यंत्रांपैकी एक होते, आणि त्यातील आभासी स्मृतीची कल्पना पुढे सर्वत्र रूढ झाली. परंतु मूळ स्वरूपाची ‘अ‍ॅटलस’ यंत्रे तीनच तयार झाली. ज्ञानाच्या दृष्टीने जे यश ठरले, ते व्यापाराच्या दृष्टीने यश ठरले नाही.

दुसरे उदाहरण सेफॅलोस्पोरीनचे. सार्डिनियातील कॅग्लियारी येथील प्राध्यापक ज्यूसेप्पे ब्रोत्झू यांना १९४५ मध्ये सांडपाणी सोडले जाते त्या जागेजवळील समुद्रजलात एक बुरशी आढळली. तिचा नमुना १९४८ मध्ये ऑक्सफर्डला पोचला. एडवर्ड एब्रहॅम व गाय न्यूटन यांनी १९५३ मध्ये त्यातून ‘सेफॅलोस्पोरीन सी’ वेगळे केले. पेनिसिलीनचा नाश करणाऱ्या जंतूंच्या विकराचा त्यावर परिणाम होत नव्हता, हे त्याचे महत्त्व. या वेळी ऑक्सफर्डने पेनिसिलीनचा धडा ध्यानी ठेवला. पेटंटे महामंडळाकडे गेली, क्लीव्हडन येथील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या केंद्रात द्रव्याचा पुरवठा तयार होऊ लागला, आणि ब्रिटनच्या ग्लॅक्सोला व अमेरिकेच्या एली लिली कंपनीला परवाने मिळाले. १९६४ मध्ये या वर्गातील पहिली औषधे वापरात आली. महामंडळाच्या पुढील काळातील उत्पन्नाचा मोठा भाग याच एका शोधाच्या रॉयल्टीतून येत असे. एब्रहॅम यांनी आपल्या वाट्याच्या रकमेतून संशोधन व शिक्षण यांसाठी न्यास स्थापन केले. मेलनबी आणि डेल यांना ज्याची भीती वाटली होती, ते धन अशा रीतीने पुन्हा विद्यापीठाकडेच वळले.

तथापि एका शोधाच्या यशावर संस्थेची विवेकशक्ती सिद्ध होत नाही. केंब्रिज येथील रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सीझर मिलस्टीन आणि जॉर्ज कोलर यांनी १९७५ मध्ये एकजननी प्रतिपिंडे तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. महामंडळाकडे हा विषय गेला होता; परंतु त्याचा तात्कालिक व्यावहारिक उपयोग दिसत नाही, असा निर्णय होऊन पेटंट घेतले गेले नाही. पुढे अमेरिकेतील संशोधकांना या पद्धतीने तयार केलेल्या विशिष्ट प्रतिपिंडांची पेटंटे मिळाली, आणि मूळ संशोधकांना १९८४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पेनिसिलीनची तक्रार दूर करण्यासाठी जी संस्था निर्माण झाली, तिच्याच हातून तशीच तक्रार पुन्हा उद्भवली.

यानंतरचा बदल झपाट्याने झाला. १९८१ मध्ये महामंडळाचे राष्ट्रीय उद्योग मंडळाशी एकत्रीकरण होऊन ब्रिटिश टेक्नॉलॉजी ग्रूप स्थापन झाला. १९८५ मध्ये विद्यापीठीय शोधांवरील त्याचा प्रथमाधिकार काढून घेण्यात आला आणि १९९२ मध्ये तो खाजगी मालकीत गेला. अमेरिकेने १९८० च्या बे-डोल कायद्याने विद्यापीठांना सरकारी पैशातून झालेल्या शोधांवर मालकी दिली होती. तिचाही प्रभाव या विचारावर होता. त्याच सुमारास शासकीय साहाय्याचे स्वरूपही पालटले. १९८६ च्या ‘लिंक’ योजनेत विद्यापीठ व उद्योग यांच्या संयुक्त प्रकल्पाचा निम्म्यापर्यंत खर्च शासन देई व उरलेला उद्योगाने सोसावयाचा असे. शोधाची पारख करण्याचा जो अधिकार पूर्वी एका सार्वजनिक मंडळाकडे होता, तो अशा रीतीने पैसे घालणाऱ्या भागीदाराकडे सरकला.

भारताने हा नमुना लवकरच स्वीकारला. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांतील शोध उद्योगांपर्यंत नेण्यासाठी १९५३ मध्ये त्याच नावाचे महामंडळ येथे निर्माण झाले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यात पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले, ते मात्र जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने. एक फरक लक्षणीय आहे. ब्रिटिश महामंडळाच्या दोन्ही मोठ्या प्रकरणांचा उगम विद्यापीठांत झाला. भारतीय महामंडळाची उभारणी मुख्यतः विद्यापीठांबाहेरील राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या आधारे झाली. १९३३ पासून रंग व वस्त्ररसायन या उद्योगांशी संबंध राखून असलेला मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग यास अपवाद म्हणावा लागेल.

या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या इतिहासावरून एवढे म्हणता येते की, मालकीचा प्रश्न कायद्याने सुटू शकतो व खर्चाचा प्रश्न अनुदानाने. पण कोणत्या शोधास भवितव्य आहे हे ओळखण्याचा प्रश्न या दोहोंनी सुटत नाही. सेफॅलोस्पोरीनच्या यशामागे न्यूटन व एब्रहॅम यांचा दीर्घकाळ टिकलेला ध्यास होता, आणि एकजननी प्रतिपिंडांच्या बाबतीत फायलीवर निर्णय देणाऱ्यास त्यांचा अर्थ समजला नव्हता. अनुदानाची कोणतीही पद्धत स्वीकारली, तरी तिची कसोटी अखेर हीच राहते की, निर्णय घेणारा मनुष्य संशोधकाच्या किती जवळ उभा आहे.