माडाच्या पोटातलं तांबडं कडं

लहानपणी आमच्या वाडीतला एक माड सोंड्या भुंग्याने मेला. आजोबांनी तो तोडला, चिरला आणि जाळून टाकला. एवढा सोट वाया का घालवता, असं मी विचारलं, तर म्हणाले, "हा ठेवला तर शेजारचा जाईल." पुढे त्रिनिदादचा इतिहास वाचताना हेच वाक्य मला पुन्हा भेटलं.

कॅरिबियन बेटांवर माड मूळचा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदी महासागराकडचे नारळ आफ्रिकेला वळसा घालून अटलांटिककडे नेले. मग माणसं नेली इंग्रजांनी. १८४५ साली 'फतेल रझाक' हे जहाज गिरमिटिया मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागलं. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली, त्यांत हिंदू होते तसे मुसलमानही. बहुतेक उसाच्या मळ्यांत राबले, काही नारळाच्या.

१९०५ च्या सुमारास तिथल्या एका माडरोगाची नोंद झाली. खालच्या झावळ्या पिवळ्या, मग तांबूस व्हायच्या, कोवळी फळं गळायची, काही महिन्यांत झाड मरायचं. खोड आडवं कापलं की आत तांबडं कडं दिसे. सुरुवातीला लोक याला मुळांचा रोग समजत. पुढे विल्यम नॉवेल यांना रोगट माडात सूत्रकृमी सापडले आणि १९१९ मध्ये नेथन कॉब यांनी त्या कृमीला शास्त्रीय नाव दिलं. लांबी जेमतेम १ मिलिमीटर.

एवढासा जीव एका माडावरून दुसऱ्यावर जातो कसा? भुंग्याच्या पाठीवर नव्हे, पोटात. तिथल्या काळ्या सोंड्या भुंग्याच्या अळ्या रोगट खोडात वाढतात, तेव्हा कृमींची पिल्लं त्यांच्यात शिरतात. अळीचा भुंगा झाला तरी ती आत टिकून राहतात. मादी निरोगी माडावर अंडी घालायला जाते आणि अंड्यांसोबत कृमीही तिथे सोडते. कृमी खोडात वाढतात, माड मरतो, आणि त्याच कुजत्या खोडात पुढचे भुंगे तयार होतात.

रोगी माड वाचवणारं खात्रीचं औषध नाही. तो लवकर तोडून नष्ट करायचा आणि भुंगे सापळ्यात पकडायचे, एवढंच हातात राहतं.

हा रोग अमेरिका खंडात आणि कॅरिबियन बेटांवरच आहे, आपल्याकडे नाही. पण त्याला वाहून नेणाऱ्या भुंग्याचा भाऊबंद कोकणात घरोघरी ओळखीचा आहे. म्हणून परदेशातून रोप किंवा नारळ गुपचूप पिशवीत घालून आणणं ही साधी हौस नाही. विमानतळावर झाडंझुडपं तपासणाऱ्या माणसाचा आपल्याला राग येतो. मला मात्र त्याच्या जागी कोयता घेतलेले आजोबा दिसतात.