बिघाडसंकेत : जुन्या मोटारींतील

बिघाडसंकेत म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने एखाद्या सेन्सरच्या किंवा वायरिंगच्या मंडलात गडबड दिसली म्हणून स्मृतीत टाकून ठेवलेला आकडा. या संगणकाला गॅरेजात ईसीएम म्हणतात, आकड्याला नुसते 'कोड', आणि तो वाचण्याला 'स्कॅनिंग'. गाडी चालू होत नसेल तेव्हाही चावी 'ऑन' करून कोड वाचता येतो. मात्र कोड कोणता भाग बदलायचा हे सांगत नाही. संगणकाला कोणत्या मंडलात अपेक्षित व्होल्टेज किंवा सिग्नल दिसला नाही, एवढेच तो सांगतो. ही मर्यादा ध्यानात न घेतल्यामुळे चांगले सेन्सर विनाकारण बदलले जातात.

कोणत्या गाडीत कोड असतो, हा पहिला प्रश्न. बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे एमएच-२८ नोंदणीच्या मुलखात, रस्त्यावरच्या पुष्कळ जुन्या गाड्यांना ईसीएमच नाही. महिंद्रा कमांडर जीप, जुन्या ट्रॅक्स, डीआय बोलेरोच्या सुरुवातीच्या आवृत्त्या आणि १९९८ च्या अखेरीस बाजारात आलेली पहिली डिझेल इंडिका या सगळ्यांत इंधनपंप यांत्रिक. अशा गाडीला स्कॅनर लावायला जागाच नसते. तिथे हीटर प्लग तापतात का, डिझेलच्या लाइनने हवा धरली का, ज्या पंपावर बंद करणारा सोलेनॉइड आहे त्याला करंट पोचतो का, हे हातानेच पाहायचे. मारुती ८०० हे १९८३ पासून २०१४ पर्यंत बनलेले मॉडेल दोन्हीकडे मोडते. कार्ब्युरेटरवाल्या आठशेत इंजिनचे कोड नाहीत, एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या, आठशेत आहेत. आरसी बुकातल्या सालावर विसंबण्यापेक्षा बॉनेट उघडून इंजेक्टर दिसतात का ते पाहणे बरे.

सालाचा भरवसा आणखी एका कारणाने धरता येत नाही. धुराचे नियम देशभर एकाच दिवशी लागू झाले नाहीत. भारत स्टेज-४ ची सक्ती १ एप्रिल २०१० रोजी काही मोठ्या शहरांपुरती आली. त्यांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांत स्टेज-३ च्या मोटारी ३१ मार्च २०१७ पर्यंत विकता येत होत्या. गाडीतच बसवलेल्या निदान-यंत्रणेची, म्हणजे ओबीडीची, अट स्टेज-४ बरोबर आली. तिचा पहिला टप्पा २०१० चा, दुसरा, म्हणजे ओबीडी-२, १ एप्रिल २०१३ चा. त्यामुळे पुण्याहून जुनी घेतलेली एमएच-१२ ची २०१४ ची गाडी प्रमाणित कोड देईल, आणि त्याच साली जिल्ह्यात नोंदलेली एखादी स्टेज-३ गाडी कंपनीच्या खास स्कॅनरशिवाय बोलणार नाही, असे होऊ शकते. पुष्कळ कंपन्यांनी दोन्हीकडे एकच आवृत्ती विकली, म्हणून याचा नियम करता येत नाही; पण खामगाव-मलकापूरच्या सेकंडहँड बाजारात गाडी घेताना हा फरक विचारणारा गिऱ्हाईक क्वचितच.

प्रमाणित कोड येण्याआधीची पद्धत लुकलुकण्याची. २००० च्या आसपासच्या एमपीएफआय मारुतींत स्टिअरिंगखाली किंवा बॉनेटखाली एक छोटा निदान-कनेक्टर असतो. त्यातली ठरलेली पिन वायरच्या तुकड्याने अर्थला जोडून चावी 'ऑन' केली की डॅशबोर्डवरचा चेक लाइट कोड मोजून दाखवतो. दोन वेळा लुकलुक, जरा थांबा, एक वेळा लुकलुक, म्हणजे २१. मग मोठा विराम. एकच कोड तीन वेळा दाखवून दिवा पुढच्या कोडवर जातो, म्हणून पहिल्या खेपेला मोजणी चुकली तरी बिघडत नाही. कागदावर रेघा मारत जावे. सुझुकीच्या या जुन्या पद्धतीत १२ म्हणजे नोंद काही नाही. १३ ऑक्सिजन सेन्सरचा, १४ कूलंटच्या तापमानाचा, २१ थ्रॉटलचा, ३१ मॅप सेन्सरचा, ४२ कॅमशाफ्टच्या सिग्नलचा. मॉडेलनुसार थोडा फरक पडतो आणि पिनांची जागाही बदलते. अंदाजाने भलती पिन अर्थ केली तर ईसीएमच जळण्याची भीती, तेव्हा त्या मॉडेलचे वर्कशॉप मॅन्युअल समोर नसेल तर वायरचा तुकडा खिशातच राहू द्यावा.

चालू न होणाऱ्या गाडीत सगळ्यात जास्त सांगून जाणारी खूण मात्र कोडच्याही आधीची आहे. चावी 'ऑन' केल्यावर, सेल्फ मारण्यापूर्वी, चेक लाइट पेटला पाहिजे. तो पेटलाच नाही तर बल्ब गेलेला असेल, नाहीतर ईसीएमला करंट किंवा अर्थच मिळत नाही: फ्यूज, मेन रिले, किंवा गंजलेला अर्थचा बोल्ट. अशा वेळी कोड वाचण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसरी खूण कानाची. चावी 'ऑन' होताच मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची बारीक घरघर यायला हवी. मिस्त्री विचारतो ते 'पंप बोलतो का?' हेच.

कोड ४२ (आणि प्रमाणित पद्धतीतला त्याचा भाऊ पी०३४०) जवळून पाहण्यासारखा आहे. सेल्फ फिरतो, गाडी उचलत नाही, कोड कॅमशाफ्ट सेन्सरचा. मग सेन्सर बदलला जातो आणि गाडी तिथेच. जुन्या मारुतींत हा सेन्सर कॅमशाफ्टच्या टोकाशी किंवा त्यावरून फिरणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये असतो, आणि कॅमशाफ्ट फिरतो टायमिंग बेल्टवर. बेल्ट तुटला तर सेन्सर शाबूत असूनही त्याच्यासमोरून फिरणारे काहीच राहत नाही, आणि संगणक इमानदारीने 'सिग्नल नाही' असे लिहून ठेवतो. तपासणी फुकटची आहे. ऑइल भरायचे झाकण काढून आत पाहावे आणि दुसऱ्याने क्षणभर सेल्फ मारावा. आतला कॅम हलला नाही तर सेन्सरच्या दुकानात जाण्याचे कारण नाही. बेल्ट तुटलेल्या इंजिनाचा आवाजही वेगळा असतो. कॉम्प्रेशनचा अडथळा गेल्याने सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरतो. एक पथ्य मात्र पाळावे. फिरण्याशी संबंधित कोड पुष्कळदा काही सेकंद सेल्फ मारल्यावरच नोंदला जातो, म्हणून आधी सेल्फ मारावा, मग कोड वाचावा.

ओबीडी-२ च्या गाडीत डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. कोड पाच अक्षरांचा: पहिले अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्सचा, त्यापुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान, एक म्हणजे कंपनीचा स्वतःचा. न उचलणाऱ्या गाडीत पी०३३५ (क्रँकशाफ्ट सेन्सरचे मंडल), पी०२३० (पंपाचे मंडल) आणि कॉमन रेल डिझेलमध्ये पी००८७ (रेलमधला दाब कमी) हे नेहमीचे. ऑनलाइन मिळणारी स्वस्त ब्लूटूथ डोंगल नव्या गाडीत चालते, जुन्यात कधी कधी मुकी बसते. कारण जुन्या गाड्या सात क्रमांकाच्या पिनेवरच्या के-लाइनवरून बोलतात आणि पुष्कळ नकली डोंगलना ती भाषा अर्धवटच येते. डोंगल जोडली जात नाही म्हणजे ईसीएम गेला, हा निष्कर्ष घाईचा. चांगल्या स्कॅनरवर कोडपेक्षा 'लाइव्ह डेटा' उपयोगी पडतो: सेल्फ मारताना आरपीएम शून्यच दिसला तर क्रँक सेन्सरचा मार्ग तपासावा, मग कोड असो वा नसो.

कोडला न दिसणारे बरेच काही असते, आणि जिल्ह्यातल्या जुन्या गाड्या बहुधा तिथेच अडतात. नुसते 'टक' होऊन सेल्फ फिरत नसेल तर ती बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग आणि स्टार्टरची गोष्ट; संगणकाचा त्यात हात नाही. भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली बसत असेल तर ईसीएमही अर्धवट जागा राहतो आणि एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम लिहून टाकतो. कोडांची अशी गर्दी दिसली की सेन्सर नव्हे, बॅटरी बघावी. बॅटरीनंतर वायरिंग: घराशेजारी सोयाबीनची गंजी किंवा घरातच कापसाचा ढीग असला की उंदीर आलेच, आणि उभ्या गाडीच्या वायरिंगचे प्लास्टिक ते सोडत नाहीत.

गॅस किटवर चालणाऱ्या ओम्नी आणि आठशे हा स्वतंत्र विषय आहे. एमपीएफआय गाडीत पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो. गॅसवर गाडी पळवताना पंप चालूच राहिला आणि टाकी महिनोन्महिने जवळपास कोरडी ठेवली, तर तो जळतो. बरीच किटे पेट्रोलवर चालू होऊन मग गॅसवर जातात, त्यामुळे गॅस भरलेला असूनही सकाळी गाडी उचलत नाही. अशा गाडीत ऑक्सिजन सेन्सरचा कोड बहुतेक किट बसवल्यापासूनच पडून असतो. न उचलण्याशी त्याचा संबंध नाही. पण स्कॅनरवर तोच पहिला दिसतो आणि सेन्सरची किंमत बिलात चढते.

उन्हाळ्याचा बिघाड वेगळा. मोताळ्याकडून राजूर घाट चढून बुलढाण्यात येताना इंजिन तापते, गाडी अचानक बंद पडते, अर्ध्या तासाने काही न करता चालू होते. गुंडाळीच्या क्रँक सेन्सरमध्ये तापल्यावर तार आतून सुटते, गार झाल्यावर पुन्हा जुळते. गॅरेजात पोचेपर्यंत कोड असेलच असे नाही, आणि गार सेन्सरचा रेझिस्टन्सही बरोबर भरतो. म्हणून सेन्सर गरम असतानाच मोजावा. गाडी घाटात उभी असताना ओले फडके सेन्सरवर धरून लगेच उचलली तर निदान तिथेच झाले. पंखा आणि बेल्टपासून हात मात्र लांब.

कोड उतरवून घेण्याआधी बॅटरीची तार काढू नये. जुन्या गाड्यांत स्मृती बॅटरीच्या सततच्या करंटवर टिकते. तार सुटली की पुरावा गेला. दुरुस्तीनंतर कोड पुसावेत, गाडी चालवावी, पुन्हा वाचावेत. चावी 'ऑन' करताच परतणारा कोड आता तुटलेल्या मंडलाचा, काही किलोमीटरांनी परतणारा अधूनमधूनच्या सैल जोडाचा.

ईसीएम स्वतः क्वचितच जातो. गेलाच तर भंगारातल्या गाडीचा घेण्याची रीत आहे. त्याच्या लेबलवरचा पार्ट नंबर जसाच्या तसा जुळला पाहिजे. इमोबिलायझर असलेल्या गाडीत एवढेही पुरत नाही. चावीतल्या चिपची नव्या ईसीएमशी जोडणी करून घ्यावी लागते, नाहीतर डॅशबोर्डवर चावीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत राहतो आणि इंजिन चालू होत नाही, किंवा उचलून लगेच मरते.