वृत्तमाध्यमांतील स्त्रिया : कारकिर्दीतील अडथळे

वृत्तपत्रे, नियतकालिके, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि महाजालावरील वृत्तस्थळे यांत बातमी मिळवणे, ती लिहिणे, संपादित करणे आणि प्रसिद्धीचा अंतिम निर्णय घेणे या कामांवर पुरुषांचे वर्चस्व असल्याने स्त्रियांचा प्रवेश, त्यांना मिळणारी कामे, श्रेय आणि पदोन्नती यांवर ज्या मर्यादा पडतात, त्यांचा विचार प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्राच्या आणि विशेषतः अहिल्यानगर जिल्ह्यातील देवळाली प्रवरा या नगरपरिषदेच्या गावासारख्या लहान शहरांच्या संदर्भात केला आहे.

मराठी पत्रसृष्टीत स्त्री संपादकपदापर्यंत फार लवकर पोहोचली. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे सत्यशोधक विचाराचे पत्र पुढे नारायण मेघाजी लोखंडे आणि नंतर वासुदेव बिर्जे यांनी चालवले. बिर्जे यांचे निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी ते हाती घेतले आणि बहुजन समाजाचे शिक्षण व राजकीय हक्क अशा विषयांवर अग्रलेख लिहिले. वृत्तपत्राच्या आद्य भारतीय स्त्री-संपादकांत त्यांची गणना होते. मात्र हे पद त्यांच्याकडे वैधव्यानंतर घरातूनच आले होते. त्यामुळे त्यांच्या कर्तृत्वाला यत्किंचितही उणेपणा येत नाही; परंतु जिच्या घरात वृत्तपत्र नव्हते अशा स्त्रीला बातमीदार, उपसंपादक, वृत्तसंपादक अशा पायऱ्या चढत त्या खुर्चीपर्यंत जाण्याची वाट त्या काळी नव्हती आणि पुढेही ती दीर्घकाळ तयार झाली नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ हे पत्र चालवले आणि पुढे अनेक दशके ते आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात तरवडी येथून निघत राहिले. खेड्यातून वृत्तपत्र काढण्याची एवढी जुनी परंपरा असलेल्या या जिल्ह्यात स्त्री-बातमीदारांची तशी परंपरा उभी राहिली नाही, ही उणीव गंभीर आहे.

प्रवेशाच्या या पहिल्या अडथळ्यानंतर दुसरा अडथळा श्रेयाचा. मुंबईत कलाशिक्षण घेतलेल्या होमाई व्यारावाला या पहिल्या भारतीय स्त्री-वृत्तछायाचित्रकार होत. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने प्रसिद्ध झाली. तिसरा अडथळा विषयांच्या वाटपाचा. राजकारण, गुन्हे, न्यायालय आणि अर्थकारण ही क्षेत्रे पुरुषांकडे, तर आरोग्य, शिक्षण, पाककृती व महिलांची पुरवणी स्त्रियांकडे, अशी विभागणी वृत्तपत्रांत रूढ झाली, आणि वरिष्ठपदासाठी पहिल्याच गटातील अनुभव मोजला जात असल्याने दुसऱ्या गटातील उत्तम कामही पदोन्नतीच्या कामी आले नाही. तरीही महिलांसाठीच्या नियतकालिकांचे मोल कमी लेखता येत नाही : १९३० मध्ये निघालेल्या ‘स्त्री’ मासिकात १९६४ पासून काम करून १९८३ मध्ये त्याच्या संपादक झालेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले आणि स्त्रियांच्या प्रश्नांना वैचारिक व्यासपीठ मिळवून दिले.

रात्रपाळी हे नकाराचे सर्वांत सोयीचे कारण ठरले. दैनिकाचे पहिले पान रात्री लागते, त्यामुळे रात्री कार्यालयात नसलेली व्यक्ती महत्त्वाच्या निर्णयांपासून आपोआप दूर राहते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने स्त्रीची संमती, सुरक्षितता आणि वाहनाची सोय या अटींवर रात्रीच्या कामाला मुभा दिली आहे. म्हणजे सोय करण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि सोय नाही म्हणून संधी नाकारणे समर्थनीय नाही.

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरासारख्या ठिकाणी प्रश्नाचे रूप वेगळे असते, कारण तेथे मुळात नोकरीच नसते. तालुका पातळीवरील वार्ताहर सहसा पगारी कर्मचारी नसतो. त्याला तुटपुंजे मानधन आणि मिळवून दिलेल्या जाहिरातींवरील कमिशन एवढ्यावर भागवावे लागते. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या आणि सणासुदीच्या पुरवण्यांच्या जाहिराती गोळा करण्यासाठी ज्या ओळखी लागतात, त्या नगरपालिका, पोलिस ठाणे, बाजार समिती आणि साखर कारखान्याच्या आवारातील पुरुषांच्या बैठकीत जुळतात, आणि तेथे स्त्रीचा वावर आजही स्वाभाविक मानला जात नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सभागृहात नगरसेविका बसतात, पण त्यांच्या कामाची बातमी बहुधा पुरुषच लिहितो आणि अनेकदा नगरसेविकेऐवजी तिच्या पतीची प्रतिक्रिया घेतो. बातम्यांतील स्त्रियांचे प्रमाण मोजणाऱ्या जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्पानुसार १९९५ मध्ये बातम्यांत दिसणाऱ्या, ऐकू येणाऱ्या वा उल्लेखल्या जाणाऱ्या व्यक्तींत स्त्रिया १७ टक्के होत्या, आणि २०२० मध्येही हे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंतच पोहोचले.

नोकरी नसल्याचा परिणाम कायद्याच्या संरक्षणावरही होतो. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांवर गेलेली पगारी प्रसूतिरजा मानधनावरील वार्ताहर स्त्रीच्या वाट्याला क्वचितच येते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातील कर्मचाऱ्याची व्याख्या मात्र अधिक व्यापक असून तीत हंगामी, कंत्राटी आणि विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रियाही येतात. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या कार्यालयांत अंतर्गत समिती नसते, म्हणून तेथील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते; ती घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते आणि सबळ कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते.