निळी नळी आणि लाल जंतू

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार गिऱ्हाइकासमोर काढतात आणि धारोष्ण दूध तिथेच पितात. तालमींच्या या गावात दुधाची पारख अशी डोळ्यांदेखत होत आली. १९६३ मध्ये जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आजचा ‘गोकुळ’, स्थापन झाला. गावोगावचे दूध एकत्र येऊ लागले आणि धार न पाहताच दुधातल्या जंतूंचा अंदाज घेणे भाग पडले.

भारतीय दुग्धशाळांत यासाठी मेथिलीन ब्लूची चाचणी रूढ झाली. हा रंग हाइनरिश कारो याने १८७६ मध्ये जर्मनीत बनवला. १० मिलिलिटर दुधात १ मिलिलिटर रंग घालून नळी ३७ अंश सेल्सिअसला ठेवायची. जिवंत जंतू ऑक्सिजन संपवतात आणि निळा रंग उडतो. तो पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात गेला तर वाईट. थंड करून आणलेल्या दुधात मात्र जंतू सुस्त असतात, त्यामुळे निकाल फसवा येतो.

गंमत अशी की अमेरिकेत रॉबर्ट ब्रीडने १९११ च्या सुमारास याच निळ्या रंगाने काचपट्टीवरचे जंतू मोजले, तेव्हा जिवंत आणि मेलेले सारखेच रंगले. ते अगदीच निरुपयोगी नव्हते. पाश्चरीकरणाने जंतू मरतात, पण त्यांची कलेवरे दुधातच राहतात आणि मूळ दूध किती अस्वच्छ होते ते सांगतात.

जिवंत आणि मेलेले जंतू एकाच वेळी वेगळे दाखवण्याचे काम प्रतिदीप्त रंगांनी केले. १९४० च्या दशकात झिगफ्रीड श्ट्रुगर याने अ‍ॅक्रिडीन ऑरेंजने जिवंत जंतू हिरवे आणि मृत तांबडे दिसतात असे मांडले. ते पुढे वादात सापडले. १९९० च्या दशकात जोडरंग आला. सायटो ९ प्रत्येक पेशीत शिरून हिरवा चमकतो. प्रोपिडियम आयोडाइड फक्त फाटलेल्या पटलातून आत जातो, डीएनएला चिकटून लाल उजळतो आणि हिरव्याला झाकोळतो.

म्हणजे हा रंग पाहतो ते पटल, प्राण नव्हे. सौम्य उष्णतेने मेलेल्या जंतूचे पटल शाबूत राहिले, तर तो हिरवाच दिसतो. शिवाय स्निग्धांश आणि केसीन या तपासणीत अडथळा आणतात. म्हशीच्या दाट दुधातून ते आधी वेगळे काढावे लागतात.