आखडलेला श्वास: भौतिकोपचाराच्या इतिहासातील मन

फिजिओथेरपी किंवा भौतिकोपचार या व्यवसायाची वंशावळ सामान्यतः स्टॉकहोमपासून मांडली जाते. तेथे १८१३ साली पेर हेन्रिक लिंग या तलवारबाजीच्या शिक्षकाने राजाश्रय मिळवून मध्यवर्ती व्यायामविद्या संस्था स्थापन केली आणि व्यायामविद्येच्या चार शाखा कल्पिल्या: शाळकरी मुलांसाठी शैक्षणिक, सैनिकांसाठी लष्करी, रुग्णांसाठी वैद्यकीय आणि चौथी सौंदर्यविषयक. या चौथ्या शाखेत माणसाने आपले विचार आणि भावना शरीराच्या ठेवणीतून व हालचालींतून व्यक्त कराव्यात, अशी अपेक्षा होती. पहिल्या दोन शाखा शाळांत आणि छावण्यांत रुजल्या, तिसरीतून पुढे एक स्वतंत्र पेशा उभा राहिला. चौथी मात्र फारशी वाढलीच नाही. तिच्यात दडलेला विचार, म्हणजे उभे राहण्याची ढब, हालचाल आणि श्वास यांत माणसाचे मन वस्तीला असते हा, पुढील सव्वाशे वर्षांत या पेशाने अनेकदा दूर सारला आणि प्रत्येक वेळी रुग्णांनीच तो परत त्याच्या दारात आणून ठेवला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मर्दनाला, म्हणजे मसाजला, जी मोठी मागणी आली ती केवळ मोडलेल्या हाडांमुळे नव्हे. १८६९ मध्ये अमेरिकी डॉक्टर जॉर्ज बेअर्ड यांनी सततचा थकवा, डोकेदुखी, निद्रानाश आणि धास्ती यांच्या समुच्चयाला ‘न्यूरॅस्थेनिया’, म्हणजे मज्जासंस्थेचा क्षीणपणा, असे नाव दिले, आणि फिलाडेल्फियाचे सायलस विअर मिचेल यांनी अशा रुग्णांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, ‘विश्रांती-उपचार’ रूढ केला. या उपचारात रुग्णाला घरच्यांपासून तोडून कित्येक आठवडे अंथरुणात ठेवत, दूध व स्निग्ध पदार्थांचा भरपूर आहार देत, लिहिण्यावाचण्यास मनाई करत, आणि निजून राहिलेल्या शरीराचे स्नायू झिजू नयेत म्हणून रोज मर्दन करत व विजेचे सौम्य झटके देत. मिचेल यांचे या पद्धतीवरील पुस्तक १८७७ मध्ये निघाले, आणि लवकरच ती इंग्लंडमध्येही पोहोचली. ज्यांच्या दुखण्याचे मूळ मनात आहे असे मानले जात होते, त्यांच्यावरील उपचार असा सर्वस्वी शरीरावर केला गेला. मात्र त्या शरीरात राहणाऱ्या बाईला काय वाटते हे विचारण्याची सोय त्यात नव्हती. १८८७ मध्ये मिचेल यांच्याकडे उपचार घेतलेल्या शार्लट पर्किन्स गिलमन यांनी पाच वर्षांनी ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा प्रसिद्ध केली, तिला या मौनाविरुद्धची साक्ष म्हणता येईल.

मागणी वाढली तशी लंडनमध्ये मसाजची दुकानेही वाढली, आणि त्यांतील काहींच्या आड वेश्याव्यवसाय चालतो असा गवगवा १८९४ मध्ये ब्रिटिश वैद्यक पत्रिकेने केला. त्याच वर्षी रोझालिंड पॅजेट आणि त्यांच्या तीन सहकारी, सगळ्या परिचर्या व सूतिकाकर्म या क्षेत्रांतल्या, एकत्र आल्या आणि त्यांनी प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची एक संस्था स्थापन केली. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय उपचार करायचा नाही, पुरुष रुग्णांवर विशेष वैद्यकीय सूचना असल्याखेरीज हात ठेवायचा नाही, सामान्य वृत्तपत्रांत जाहिरात द्यायची नाही, असे कडक नियम त्यांनी घातले, परीक्षा घेतल्या आणि अभ्यासक्रमात शरीररचनाशास्त्राला मानाचे स्थान दिले. न्यूझीलंडमधील भौतिकोपचार-अभ्यासक डेव्हिड निकोल्स यांनी या घटनेचा जो अर्थ लावला आहे तो मर्मग्राही आहे: परक्या व्यक्तीच्या उघड्या शरीराला स्पर्श करणे निष्कलंक ठरवायचे, तर त्या शरीराकडे स्नायू, सांधे आणि तरफा यांची यंत्ररचना म्हणूनच पाहणे या स्त्रियांना भाग होते. त्यांच्या धैर्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. संशयाने वेढलेल्या काळात त्यांनी कष्टकरी स्त्रियांसाठी एक सन्मानाचा पेशा घडवला. पण त्या सन्मानाची किंमत अशी पडली की, स्पर्शाने रुग्णाच्या मनात जे हलते त्याची दखल घेणे व्यवसायाच्या शिस्तीबाहेर गेले.

पहिल्या महायुद्धाने ही शिस्त कसोटीला लावली. १९१४ मध्ये अल्मेरिक पॅजेट यांच्या नावाने उभे राहिलेले मसाज दल लष्करी रुग्णालयांत काम करू लागले, आणि तेथे गोळी लागलेल्या हातापायांबरोबरच असे हातपायही समोर आले ज्यांना कोणतीही जखम नव्हती आणि तरीही ते हलत नव्हते. तोफांच्या माऱ्यानंतर उद्भवणाऱ्या या अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हणत, आणि ब्रिटिश सैन्यात युद्ध संपेपर्यंत तिचे सुमारे ८०,००० रुग्ण नोंदले गेले, असे साधारणपणे मानले जाते. वाचा गेलेली, कंबरेत वाकलेली, थरथरत चालणारी ही माणसे म्हणजे शरीरात उतरलेली भीतीच होती. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात लुईस यिअलंड यांनी त्यांच्यावर विजेचे कठोर उपचार केले, तर डेव्हनमधील सील हेन येथे आर्थर हर्स्ट यांनी धीर देणे, मन वळवणे आणि अवयवांना हाताने हलवून पुन्हा चालायला शिकवणे यांवर भर दिला व त्याचे चित्रीकरणही केले. युद्धानंतर, १९२० मध्ये, मर्दनकर्त्यांच्या संस्थेला राजसनद मिळाली. ती मिळवून देण्यात जायबंदी सैनिकांच्या सेवेचा वाटा मोठा होता. न जखमलेल्या पायांनी उभा केलेला प्रश्न मात्र व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञांकडे सोपवून दिला.

तो प्रश्न पुन्हा हाती घेतला गेला तो नॉर्वेत, दुसऱ्या महायुद्धानंतर. ओडेल ब्युलो-हान्सेन (१९०६–२००१) या ऑस्लोतील फिजिओथेरपिस्ट मान, खांदे, कंबर यांच्या हट्टी दुखण्यावर उपचार करत असत. दुखऱ्या जागेवरच्या मर्दनाने आराम पडतो पण टिकत नाही, आणि जेथे स्नायू ताठरलेले असतात तेथे रुग्णाचा श्वासही अडलेला असतो, हे त्यांच्या हातांना जाणवत गेले. पोटरीच्या किंवा मांडीच्या ताठर स्नायूवर दाब दिला असता छातीतला श्वास एकाएकी मोकळा होतो आणि कधी त्यामागोमाग रडू किंवा राग उसळतो, हेही त्यांनी पाहिले. मनोविकारतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक त्रिग्वे ब्रोटॉय (१९०४–१९५३) यांच्यापुढे याच्या नेमकी उलट अडचण होती: त्यांचे काही रुग्ण बोलत खूप, पण त्या बोलण्याने त्यांच्यात काही पालटत नसे. १९४७ च्या सुमारास ऑस्लोच्या उल्लेव्होल रुग्णालयाच्या परिसरात या दोघांचे सहकार्य सुरू झाले आणि त्यातून जी पद्धत घडली तिला पुढे ‘नॉर्वेजियन मनःशारीर फिजिओथेरपी’ हे नाव पडले.

या पद्धतीची वैचारिक भूमी ऑस्लोत आधीच नांगरलेली होती. फ्रॉइडचे शिष्य विल्हेल्म राइख १९३४ ते १९३९ या काळात तेथे राहिले होते, आणि दडपलेल्या भावना स्नायूंच्या कायमच्या ताणात चिलखतासारख्या गोठतात हा त्यांचा सिद्धान्त तेथील मनोविश्लेषकांच्या वर्तुळात चर्चिला जात होता. परंतु राइख यांच्या अनुयायांचा ओढा ते चिलखत फोडण्याकडे होता, तर ब्युलो-हान्सेन यांच्या पद्धतीचा मोठेपणा तिच्या संयमात आहे. माणूस दचकतो तेव्हा त्याचा श्वास क्षणभर थांबतो, खांदे वर चढतात, पोट आत ओढले जाते. धोका टळल्यावर हे सारे सुटायला हवे, पण ज्याचा धोका वर्षानुवर्षे टळतच नाही त्याच्या शरीराला तीच ठेवण अंगवळणी पडते आणि शेवटी ती त्याचा आधारही बनते. म्हणून तो ताण घाईने काढून घेतला तर माणूस मोकळा होण्याऐवजी कोसळू शकतो, हे या पद्धतीने फार लवकर ओळखले.

त्यामुळे तपासणी दुखऱ्या जागेपुरती राहत नाही. रुग्ण उभा कसा राहतो, पायांवर भार कसा घेतो, निजल्यावर जमिनीला शरीर सोपवू शकतो की नाही, थेरपिस्टने उचललेला हात तो सैल सोडतो की नकळत स्वतःच धरून ठेवतो, हे सगळे पाहिले जाते. उपचार पुष्कळदा पावलांपासून आणि पायांपासून सुरू होतो, कारण खाली आधार लाभल्याखेरीज वरचा भाग सैल होत नाही. आणि हात किती दाबायचा, कुठे थांबायचे, याचा निर्णय रुग्णाचा श्वास देतो: स्पर्श होताच श्वास रोखला गेला, तर तो स्पर्श त्या माणसाला त्या दिवशी सोसवत नाही असे समजायचे. जांभई, आळस देण्याची ऊर्मी, खोल उसासा ही सुटकेची चिन्हे मानली जातात. लंडनच्या त्या चौघींनी नाइलाजाने शिस्तीबाहेर ठेवलेली गोष्ट, म्हणजे स्पर्शाला रुग्णाने दिलेला प्रतिसाद, येथे उपचाराचा पायाच झाली. नॉर्वेत या पद्धतीचे स्वतंत्र प्रशिक्षण उभे राहिले, आणि पुढे एलिने थॉर्नक्विस्ट यांच्यासारख्या अभ्यासकांनी फ्रेंच तत्त्वज्ञ मोरिस मेर्लो-पाँती यांच्या विचाराशी तिची सांगड घातली. मेर्लो-पाँती यांनी १९४५ मधील आपल्या प्रमुख ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की, शरीर ही माणसाच्या मालकीची एखादी वस्तू नसून ज्याच्या द्वारे जग त्याला मुळात उपलब्ध होते ते ठिकाण आहे.

भारतातील फिजिओथेरपीच्या शिक्षणाचा आरंभ मुंबईच्या परळमध्ये झाला, आणि तो एका वेगळ्या निकडीतून झाला. केईएम रुग्णालयात १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने जी फिजिओथेरपीची शाळा निघाली, तिच्यामागे पोलिओची साथ होती. लुळ्या पडलेल्या मुलांच्या पायांत बळ आणणे हे तिचे पहिले काम होते, आणि त्या कामाला स्नायू व सांधे यांचे काटेकोर ज्ञान हवे होते यात शंका नाही. त्याच रुग्णालयात तीन वर्षे आधी, १९५० मध्ये, जन्माने अमेरिकी आणि विवाहानंतर मुंबईकर झालेल्या कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची, म्हणजे कामांच्या माध्यमातून रुग्णाला पुन्हा उभे करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीची, शाळा सुरू केली होती. व्यवसायोपचाराची मुळे एकोणिसाव्या शतकातील मनोरुग्णालयांत असल्याने मनाची भाषा त्याला उपजतच येत होती. एकाच आवारात असे दोन दरवाजे उघडले.

पुढे मनाचा हा विचार नॉर्वेबाहेरच्या फिजिओथेरपीतही शिरला. स्वीडनमध्ये गेरट्रुड रॉक्सेंडाल यांनी फ्रेंच शिक्षक जाक द्रोप्सी यांच्या कामाचा आधार घेऊन मनोरुग्णांसाठी ‘शरीरभान-उपचार’ विकसित केला आणि १९८५ मधील प्रबंधात शरीराचे भान मोजण्याची एक श्रेणीही मांडली. पाठदुखीच्या क्षेत्रात ग्लासगोचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ मध्ये, वेदना, भीती आणि सामाजिक परिस्थिती यांना एकत्र धरल्याशिवाय कंबरदुखीच्या अपंगत्वाचा उलगडा होत नाही, असे सांगितले. मानसिक आरोग्यात काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला फिजिओथेरपीच्या जागतिक महासंघाने २०११ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या अधिवेशनात उपगट म्हणून मान्यता दिली. मान्यता मिळाली तरी अडचण उरते ती वेळेची: ऑस्लोच्या पद्धतीला एका रुग्णामागे दीर्घ भेटी आणि कित्येक महिने लागतात, आणि गर्दीच्या सार्वजनिक रुग्णालयात एकेका टेबलाशी रांग लागलेली असताना थेरपिस्टला गुडघा वाकवून घेण्याइतकीच उसंत मिळते.