ग्रामसभेतला स्लायडर

पायथनच्या नोटबुकात आलेखाखाली एक पट्टी येते. ती सरकवली की आलेख हलतो. २०१४ साली आयपायथनमध्ये ‘इंटरॅक्ट’ आलं आणि एका ओळीत हा स्लायडर मिळू लागला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वाटलं, काय भारी शोध लागलाय! :)

पण ‘पाऊस एवढाच झाला तर काय?’ हा प्रश्न नगर तालुक्यातलं हिवरे बाजार त्याच्या आधीपासून दरवर्षी सोडवत होतं. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव पार खचलेलं, डोंगर बोडके, माणसं मजुरीसाठी बाहेर. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. चर खणले, बांध घातले, चराईबंदी केली. पुढे पाण्याचा ताळेबंद आला: पर्जन्यमापकावरचा पाऊस, विहिरींची पातळी मोजायची आणि ग्रामसभेत बसून ठरवायचं, यंदा कुठलं पीक घ्यायचं.

हेच गणित मी विकांताला नोटबुकात मांडलं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. गावाचं क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. म्हणजे १०० मिलिमीटरला जवळपास ९८ कोटी लिटर. वाचताना केवढं वाटतं ना? पण त्यातलं बरंच वाहून जातं, बरंच उडून जातं. किती मुरतं हा दुसरा स्लायडर. मी तो माऊसने सरकवतो. तिथे तो कुदळ-फावड्याने सरकवला गेला.

तिसरा स्लायडर पिकाचा, आणि खरी भांडणं इथलीच. १२५० माणसं, माणशी रोज ५५ लिटर धरले तर घरगुती वापर वर्षाला अडीच कोटी लिटर. उसाला २००० मिलिमीटर पाणी धरलं तर एका हेक्टरला दोन कोटी लिटर! पट्टी ५० हेक्टरवर नेली की १०० कोटी. वरचे १०० मिलिमीटर अख्खे साठवले तरी पुरत नाहीत.

गावाने शेतीसाठी बोअरवेल आणि ऊस-केळी दोन्ही बंद केली. तीही कुठे, तर विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभारला त्याच जिल्ह्यात, जिथे ऊस म्हणजे हमखास पैसा. मला पट्टी शून्यावर आणायला एक सेकंद लागतो. तिथे मात्र विहिरीला भरपूर पाणी असलेल्या शेतकऱ्यालाही ग्रामसभेत बसून त्याला ‘हो’ म्हणावं लागतं, आणि तेही दर पावसाळ्यानंतर नव्याने.