सहलीचे छायाचित्र : बीड जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचे एक उपेक्षित साधन

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे शिलालेख, ताम्रपट, सनदा, दप्तरे व बखरी यांचीच गणना प्रथम होते. बीड जिल्ह्यापुरते पाहिले तर मुकुंदराज व दासोपंत यांच्यामुळे आंबेजोगाईकडे, आणि वैजनाथाच्या देवस्थानामुळे परळीकडे अभ्यासकांचे लक्ष वळणे स्वाभाविक आहे. परंतु याच जिल्ह्यातील सामान्य कुटुंबे सुट्टीच्या दिवशी कोठे जात, कोण कोणाबरोबर जाई, घरी कोण राही, याची नोंद दप्तरांत शोधून सापडावयाची नाही. ती असलीच तर घराघरांतील आल्बमांत, सहलीच्या प्रसंगी हौसेने काढलेल्या छायाचित्रांत असणार. ही छायाचित्रे बहुधा तिरकी, अंधुक किंवा पाय छाटलेली असतात. कलेच्या इतिहासात त्यांना स्थान नाही. तथापि सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून त्यांचे मोल निराळे आहे. मात्र त्यांचा उपयोग करावयाचा तर दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. यंत्रामागे कोण उभे होते? आणि यंत्रासमोर उभे राहण्याचा अवसर कोणाला मिळालाच नाही?

प्रथम भाषेची साक्ष पाहावी. मराठीत फोटो 'काढतात'. रांगोळी काढतात, चित्र काढतात, तिकीटही काढतात आणि दातही काढतात. या क्रियापदाचा एक विशेष असा की, 'आम्ही परळीला फोटो काढला' या वाक्यावरून तो स्वतःच्या कॅमेऱ्याने काढला की पैसे देऊन दुसऱ्याकडून काढविला, हे कळत नाही. भेद स्पष्ट करावयाचा झाल्यास 'काढून घेतला' असे म्हणावे लागते. षष्ठी विभक्तीची गत तीच आहे. 'मामांचा फोटो' म्हणजे मामा ज्यात दिसतात तो, मामांनी काढलेला तो, की मामांच्या मालकीचा तो? आल्बमातील छायाचित्रामागे पेन्सिलीने लिहिलेल्या अशा दोन शब्दांवर विसंबणारा संशोधक सहज चकतो. कारण मामांनी काढलेल्या फोटोत मामा बहुधा नसतातच. भाषा आणि यंत्र दोघेही हौशी छायाचित्रकाराला दृष्टिआड करतात.

'हौशी' हा शब्दही विचारणीय आहे. अरबी-फारसी 'हवस' या शब्दाला उर्दूत लालसेचा, वासनेचा वास आहे. मराठीत आल्यावर तोच शब्द 'हौस' होऊन सौम्य झाला आणि घरगुती उत्साहाचा वाचक बनला. 'हौसेला मोल नाही' अशी म्हण रूढ झाली. छायाचित्रणाच्या हौसेला मात्र दीर्घकाळ मोल होते, आणि ते प्रत्येक चित्रागणिक मोजावे लागे. या मोलाचा इतिहास हाच या हौसेच्या प्रसाराचा इतिहास होय.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाली, आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेच्या सभासदांपैकी होते. म्हणजे हौशी छायाचित्रकार हा मराठी समाजात फार जुना आहे. पण तो मुंबईतील सुशिक्षित व संपन्न वर्गातला आहे. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथील छायाचित्रणाची परंपरा दरबारी वळणाची होती. सहाव्या निजामाच्या पदरी असलेले राजा दीनदयाळ हे तिचे मुख्य प्रतिनिधी. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला व त्याची व्यवस्था एका इंग्रज बाईकडे सोपविली. स्त्रीचे छायाचित्र घ्यावयाचे तर छायाचित्रकारही स्त्रीच हवी, ही त्यामागील धारणा होती. पुढे कॅमेरा घरात आला तेव्हा ही अडचण निराळ्या रीतीने सुटली. यंत्रामागे परका पुरुष न राहता भाऊ, पती किंवा मुलगा उभा राहिला. स्टुडिओतील ताठ बैठक आणि सहलीतील मोकळे हसू यांत जो फरक दिसतो, त्याचे कारण केवळ तांत्रिक नाही. पाहणारा बदलला, म्हणून चेहराही बदलला.

यंत्र स्वस्त झाल्याखेरीज हे घडणे शक्य नव्हते. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला, आणि १९०० मध्ये एक डॉलर किमतीचा ब्राउनी हा पेटीवजा कॅमेरा निघाला. भारतातील मध्यमवर्गाच्या हाती अशा जातीचे यंत्र सर्रास आले ते मात्र स्वातंत्र्यानंतर. बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा त्याचा ठळक नमुना होय. त्यात १२० क्रमांकाचा रोल बसे व त्यावर सहा सेंटिमीटर लांबीरुंदीची बारा चौकोनी चित्रे निघत. उटकमंड येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याने १९६७ पासून 'इंदू' नावाची देशी फिल्म पुरविण्यास आरंभ केला.

यंत्राबरोबर प्रवासही सुलभ व्हावा लागतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा येथील प्रवासी वाहतूकही १९४८ मध्ये सुरू झालेल्या एस. टी.च्या कक्षेत आली. यात्रा ही पूर्वीपासून होतीच. परळीचा वैजनाथ, आंबेजोगाईची योगेश्वरी, मन्मथस्वामींच्या समाधीमुळे वीरशैव समाजाला पूज्य असलेले कपिलधार, ही स्थाने भाविकांना नवी नव्हती. नवे होते ते यात्रेतच सहल मिसळणे. दर्शन झाल्यावर परत न फिरता धबधब्याजवळ शिदोरी सोडणे, सौताड्याच्या दरीत उतरणे, बीडच्या कंकालेश्वराच्या जलाशयाकाठी पोरांना रांगेने उभे करणे, हा सहलीचा भाग. कॅमेऱ्याचे काम या दुसऱ्या भागात असे. गाभाऱ्यात त्याला मज्जाव असे, आणि नसता तरी तेथील काळोखात साध्या यंत्राचे काही चालले नसते. म्हणून देवाची तसबीर मंदिराबाहेरच्या दुकानातून विकत घेतली जाई आणि कुटुंबाचे छायाचित्र पायऱ्यांवर काढले जाई. भिंतीवर देव आणि आल्बमात माणसे, ही वाटणी भक्तीने जितकी केली तितकीच प्रकाशानेही केली.

साध्या कॅमेऱ्याला भरपूर ऊन लागे. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी ठेवावा, हा पहिला नियम; त्यामुळे समोरची माणसे डोळे बारीक करून पाहताना दिसतात. कित्येकदा पायाशी एक लांब सावली पडलेली असते. ती सावली यंत्र हाती घेतलेल्याची. ज्याचा चेहरा आल्बमात नाही त्याची तेवढीच सही तेथे उरते. छायाचित्र या शब्दाला येथे अनपेक्षित अर्थ प्राप्त होतो.

रोलच्या मर्यादेतूनही पुरावा निघतो. बारा चित्रांचा रोल एका सहलीत संपेलच असे नसे. उरलेली चित्रे पुढच्या बारशाला किंवा हळदीकुंकवाला वापरून मगच रोल धुवायला टाकला जाई. म्हणून निगेटिव्हची पट्टी अखंड हाती आली तर तिच्यातील क्रमावरून तारखा बसविता येतात. सुटे ठसे ही सोय देत नाहीत. पट्टी कापली की कालक्रम तुटला. ठशाचा आकारही बोलका असतो. पांढऱ्या काठाचे चौकोनी कृष्णधवल चित्र बहुधा १२० क्रमांकाच्या रोलकडे बोट दाखविते. सौताड्याची धार भरून वाहत असेल तर पावसाळा किंवा त्यालगतचे दिवस धरावेत. मात्र १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षी हे अनुमान फसेल, म्हणून पर्जन्याच्या नोंदींशी ते ताडून पाहिले पाहिजे.

आणखी एक गोष्ट संशोधकाने ध्यानात ठेवावी. बीडची छायाचित्रे बीडमध्येच असतील असे नाही. योगेश्वरी ही अनेक कोकणस्थ कुटुंबांची कुलदेवता आहे. त्यामुळे आंबेजोगाईच्या जुन्या रस्त्यांची, ओवऱ्यांची व घाटांची चित्रे पुण्या-मुंबईच्या आणि कोकणच्या घरांतही निघू शकतील. परक्याने टिपलेले गाव आणि गावकऱ्याने टिपलेले गाव यांची तुलना हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल.

येथे दुसऱ्या प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. दरवर्षी पावसाळा सरला की बीड जिल्ह्यातून लक्षावधी माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. जिल्ह्यातील सर्वांत मोठा कौटुंबिक प्रवास हाच होय. त्यात नवराबायको असतात, लेकरे असतात, बिऱ्हाड असते. नसते ती फक्त सहल. मुकादमाच्या हिशेबात नवराबायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरली जाते. दोन माणसांना एका हत्याराचे नाव मिळते आणि नोंद तेथेच संपते. रोलच्या काळातील कॅमेरा या प्रवासाबरोबर जाण्याचे कारण नव्हते. तेव्हा आल्बमांवरून जिल्ह्याचा प्रवास रेखाटू पाहणारा अभ्यासक फुरसतीचा इतिहास लिहील आणि त्यालाच जिल्ह्याचा इतिहास समजेल, हा धोका खरा आहे. आल्बम खोटे बोलत नाही. परंतु त्याच्याजवळ ज्यांचे चित्र नाही त्यांच्याविषयी तो गप्प राहतो.

मोबाइल दूरध्वनीत कॅमेरा आल्यावर ही स्थिती पालटली. फडावरची झोपडी, बैलगाडी, उसाच्या मोळ्या यांची चित्रे आता तेथे राबणारी माणसेच काढू शकतात, आणि कोयत्याच्या नोंदीत न दिसणारी दोन माणसे चित्रात दोनच दिसतात. पण यंत्र बिघडले किंवा बदलले की ही चित्रे नाहीशी होतात. चौकोनी ठसा पन्नास वर्षे पेटीत टिकला. पडद्यावरचे चित्र पाच वर्षे टिकेल याची शाश्वती नाही.

म्हणून संग्रहाचे काम दोन्ही टोकांनी आरंभिले पाहिजे. जुन्या आल्बमांतील चेहरे ओळखणारी वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर त्यांच्याकडून नावे, नाती, स्थळे आणि विशेषतः छायाचित्र कोणी काढले हे लिहून घ्यावे. निगेटिव्हच्या पट्ट्या न कापता ठेवाव्यात. त्याच वेळी ऊसतोड कुटुंबांच्या आजच्या चित्रांच्या प्रती, त्यांच्या संमतीने व त्यांनीच सांगितलेल्या मजकुरासह, जतन कराव्यात. पहिले काम लांबले तर चेहरे उरतील पण नावे जातील. दुसरे लांबले तर चेहरेही उरणार नाहीत.